दोनशे बायका, एक स्टूल

ऑक्टोबर १९९६. न्यूयॉर्कच्या सिक्स्थ अॅव्हेन्यूवर उभं राहून दक्षिणेकडे मान वळवलीत, तर वर्ल्ड ट्रेड सेंटरचे जुळे मनोरे दिसतील. अजून जवळजवळ पाच वर्षं ते तिथे असणार आहेत. तुम्ही 'हिअर' नावाच्या छोट्या नाट्यगृहात शिरा.

नाटकाचं नाव 'द व्हजायना मोनोलॉग्ज'. तिकीट मागताना जीभ अडखळली ना? घरात हा शब्द कधी कानावर पडला होता? 'ती जागा', 'खाली', नाहीतर नुसती नजर. इथल्या प्रेक्षकांचंही फार वेगळं नाही; तुमच्या शेजारची बाई पर्सच्या पट्ट्याशी चाळा करतेय.

नेपथ्य असं नाहीच. एक स्टूल, माईक, हातात कार्डं. नाटकाची लेखिका ईव्ह एन्सलर एकटीच बोलू लागते. दोनशेहून जास्त बायकांना तिनं बोलतं केलंय: प्राध्यापिका, नट्या, शरीरविक्रय करणाऱ्या, म्हाताऱ्या, तरुण. सुरुवात झाली ती एका वयस्क मैत्रिणीशी रजोनिवृत्तीवर निघालेल्या गप्पांतून. मैत्रीण आपल्या योनीविषयी इतक्या तुच्छतेनं बोलली, की एन्सलर चमकली आणि भेटेल तिला विचारत सुटली.

योनीला कपडे घालायचे झाले तर ती काय घालेल, असाही एक प्रश्न होता. उत्तरांवर हशा पिकतो. मला तो भाग जरा सोपा वाटतो. तुम्ही क्वीन्समधल्या म्हातारीची वाट बघा. तिच्या लेखी 'तिथे खाली' म्हणजे तळघर. कशाला कोण उतरतंय? तरुणपणी एका मुलाच्या मोटारीत तिचं शरीर उमललं, त्याला किळस आली, आणि ती मिटली ती कायमची. हे तिनं आजवर कुणालाच सांगितलेलं नसतं. पर्सचा पट्टा आता निवांत पडलाय.

मग बोस्नियातली बाई येते. तिथलं युद्ध थांबून वर्षही झालेलं नाही. बलात्काराच्या छावण्यांतून सुटलेल्या बायकांना एन्सलर भेटून आली आहे. इथे कुणी खोकतही नाही.

दिवे लागले तरी निघू नका. बायका एन्सलरसमोर रांग लावताहेत. तिला वाटतं, या आपल्या सुखाच्या गोष्टी सांगतील. बहुतेक जणी सांगतात बलात्काराच्या, मारहाणीच्या. एकीचं झालं की दुसरी पुढे सरकते. अशा रांगांनीच तिला स्वस्थ बसू दिलं नाही. १४ फेब्रुवारी १९९८ ला बायकांवरच्या हिंसेविरुद्धची 'व्ही-डे' चळवळ सुरू झाली. पुढे वंदना खरे यांनी याच नाटकावरून 'योनीच्या मनीच्या गुजगोष्टी' मराठी रंगमंचावर आणल्या. गुजगोष्टी! मूळ नावात नसलेली कुजबूज मराठीनं अशी पदरची घातली.

शेजारची बाई रांगेत जाऊन उभी राहिली आहे. तिच्यामागे अजून जागा आहे.