स्मगलरांचा वकील

१९७७ साली मी लॉ कॉलेजात होतो आणि वायव्य मुंबईत मतदारांच्या चिठ्ठ्या वाटत होतो. समोर खुद्द केंद्रीय कायदामंत्री एच. आर. गोखले, एकेकाळचे हायकोर्टाचे न्यायाधीश. आमचे उमेदवार राम जेठमलानी.

“स्मगलरांचा वकील तो! त्याला मत द्यायचं?” एका चाळीतल्या आजोबांनी दारातच अडवलं. प्रश्न खोटा नव्हता. मी म्हटलं, “आजोबा, स्मगलरलासुद्धा कोर्टात उभं राहता येतं. पण विरोधी पुढारी जॉर्ज फर्नांडिसांना बेड्या घालून आणतात.”

जेठमलानींचं म्हणणं एवढंच होतं: खटल्याशिवाय माणूस डांबायचा नाही. आणीबाणीवरच्या टीकेपायी त्यांच्यावर वॉरंट निघालं, तेव्हा पालखीवालांसह ३०० हून अधिक वकील मुंबई हायकोर्टात त्यांच्या बाजूने उभे राहिले होते. पण २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक मतांनी स्थानबद्धांचा हेबिअस कॉर्पसचा, म्हणजे अटकेला कोर्टात आव्हान देण्याचा, दरवाजा बंद केला, आणि जेठमलानी परदेशी गेले. त्या सुनावणीत, पोलिसाने विनाकारण जीव घेतला तरी आणीबाणीत दाद नाही, असं अॅटर्नी जनरल नीरेन डे यांनी कबूल केलं होतं. हे मी सांगितलं तेव्हा आजोबा गप्प झाले.

गोखले पडले. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने जगण्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असं ठरवलं. तो दरवाजा बंद करणाऱ्या चार न्यायमूर्तींमधले एक य. वि. चंद्रचूड. तो निकाल चुकीचा होता असं २०१७ साली लिहिलं, ते त्यांच्याच मुलाने.