पाणंद कोणाची?

श्रोतेहो, गावातून मळ्याकडे जाताना आपण रोज एका वाटेने जातो. दोन्ही अंगांना बांध, बांधावर निरगुडी आणि शेराची कुंपणं, मध्येच एखादी बाभळ, आणि मधून बैलगाडीची चाकोरी. तिला आपण पाणंद म्हणतो. गडांचा इतिहास लिहिला गेला, देवळांचा लिहिला गेला; पाणंदीचा इतिहास मात्र कुणी विचारीत नाही. तो आठवतो वाट बंद पडल्यावर, आणि मग तो कचेरीत जाऊन विचारावा लागतो. आमच्या घरावर ही वेळ आली होती, म्हणून आज या विषयावर बोलतो आहे.

आमचं गाव कळंबा. कागदावर त्याचं नाव कळंबे तर्फ ठाणे, तालुका करवीर. कोल्हापूरच्या लोकांना हे नाव माहीत आहे ते कळंबा तलावामुळे आणि, खोटं कशाला बोला, तुरुंगामुळे. शहर वाढत वाढत आता गावाच्या दाराशी आलं आहे. पण गारगोटी रस्ता सोडून थोडं आत गेलं की अजून ऊस लागतो, आणि उसात शिरायला लागते पाणंद.

पूर्वी या वाटांचा हिशेब कुठे होता? माणसांच्या डोक्यात. गावची शीव कुठून जाते, कुणाच्या बांधावरून कोण जातो, हे पाटलाला ठाऊक असे, आणि त्याहून नेमकं गावच्या महाराला. शिवेचा तंटा लागला की साक्षीला त्यालाच पुढे करीत. गावाची सगळी जमीन ज्याच्या ध्यानात, त्याला स्वतःला मात्र गावाबाहेर राहावं लागे, हेही त्याच इतिहासात आहे. आणि सगळ्याच वाटा मोकळ्या असाव्यात असं सरकारलाही वाटत नसे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाची वाट सोपी असेल तर ती मोडून अवघड करावी, झाडी वाढवावी, असं बजावलं आहे. तो गडाचा न्याय. शेताला लावून भागत नाही.

वाट कागदावर आली ती इंग्रजी अमलात. सन १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी शेतवार मोजणी सुरू केली, आणि तीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात आणि आपल्या संस्थानातही आली. मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे आणे सोळा. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा; चाळीस गुंठ्यांचा एकर. आपण आजही गुंठ्यांत बोलतो, ती ही साखळी.

आता गावचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. त्यात तुटक दुहेरी रेघ असते, ती गाडीवाट. रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. तुटक एकेरी रेघ असते, ती पायवाट. रुंदी सव्वाआठ फूट. हे साडेसोळा आणि सव्वाआठ आले कुठून? साडेसोळा म्हणजे अर्धी साखळी, सव्वाआठ म्हणजे पाव. अर्ध्या साखळीच्या वाटेवर दोन भरल्या गाड्या समोरासमोर आल्या तरी एकीला मागं सरावं लागत नाही.

खरी गोष्ट तर पुढेच आहे. अशी गाडीवाट पुष्कळदा कुणाच्या तरी सर्व्हे नंबरातून गेलेली असते. मालक म्हणतो, "माझी जमीन, मी नांगरीन." पण मोजणीवाल्यांनी तेवढा तुकडा पोटखराब म्हणून लिहिला आणि त्यावरचा सारा सोडला. म्हणजे त्या पट्टीचा सारा ना आजोबांनी भरला, ना पणजोबांनी. ती पट्टी जाण्यायेण्यासाठीच बाजूला काढलेली आहे. शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतनं रद्द करून तलाठी नेमले. तेव्हापासून हा हिशेब आपल्याकडे वतनदाराच्या घरातून निघून पगारी नोकराच्या दप्तरात गेला.

मग पाणंदी बुजल्या का? एक कारण घाणेरी. ही बाहेरदेशातून बागेच्या शोभेला आलेली झुडपं. नुसती कोयत्यानं छाटली तर बुडखा पुन्हा फुटतो. दुसरं कारण ऊस. हाताहाताने बांध सरकवला तर सरीभर ऊस जास्त बसतो. तिसरं कारण वाटणी. पणजोबांच्या एका मळ्याला एक तोंड पुरत होतं. नातवंडांत चार पट्ट्या झाल्या की मागच्या पट्टीला तोंडच राहत नाही. तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ साली कायदा झाला, पण भाऊबंदकी कायदा वाचून होत नाही.

वहिवाटीची वाट कुणी अडवली, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याने तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. वाट मुळातच नसेल, तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे. त्याखाली दुसऱ्याच्या बांधावरून वाट मागता येते. या दोन गोष्टींची गल्लत करू नका, नाहीतर अर्जही फुकट आणि वर्षही फुकट. २०२१ मध्ये शासनाने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनाही आणली, तीत रोजगार हमीतून काम होई.

आता आमची हकीगत. आमची पट्टी मागची. पाणंद इतकी बुजली होती, की तुटलेला ऊस डोक्यावरून रस्त्यापर्यंत आणावा लागे आणि तोडणीवाले त्याचे वेगळे पैसे मागत. तेही सोसलं. पण एका आषाढात मळ्यातल्या घरी थोरल्या काकींच्या पोटात कळा आल्या. त्यांना घोंगड्याच्या झोळीत घालून, चिखल तुडवीत, दुसऱ्याच्या उसातून न्यावं लागलं. काकी वाचल्या. पण त्या रात्री आबा म्हणाले, "चैतात पाणंद काढायची. कुणी येवो न येवो."

नकाशाची नक्कल आणली. चैत्रात घरातली सगळी निघाली. आबा आणि तात्या कुऱ्हाडी घेऊन पुढे, आम्ही पोरं कुदळीनं घाणेरीचे बुडखे उपटायला, आई आणि धाकटी काकी पाट्या भरायला. आजी सावलीत बसून पाण्याची घागर राखी आणि कुठला बांध कुणाचा ते सांगे. तिचं आणि नकाशाचं दोनदाच जमलं नाही. एकदा नकाशा बरोबर निघाला, एकदा आजी.

अडवणूक पलीकडच्या भावकीने केली, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. हद्दीचे दोन जुने दगड सापडले. साडेसोळा फुटांचा दोर कापून आम्ही त्या दगडांपासून मापायला लागलो. थोडं पुढं गेल्यावर दोर धरलेला धाकटा भाऊ ओरडला, "आबा, दोर आपल्याच उसात शिरतोय की!"

"पुन्हा मोज."

"तीनदा मोजलं."

भावकीने खाल्ली होती फूटभर. आम्ही पाच फूट. बांध सरकवला होता आमच्याच आजोबांनी, आणि वाटेच्या ऐन मधोमध एक जांभूळही लावून ठेवलं होतं. आबा बांधावर बसले. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्यांनी कोयता उचलला आणि आपल्या दोन सऱ्यांतला ऊस स्वतः कापायला घेतला. तिसऱ्या दिवशी पलीकडचे चुलते, सात वर्षं बोलत नव्हते ते, दोन पोरं आणि एक टिकाव घेऊन आले. बोलले तेव्हाही नाहीत. मुकाट्यानं बुडखे काढायला लागले.

दोर लावून कळली ती आमची खात्री. सरकारी मोजणी भूमी अभिलेख कार्यालयाचीच, हे ध्यानात ठेवा. आणि गुरुजी, तुम्हांला एक विनंती. सातवीच्या मुलांना एकदा गावचा नकाशा दाखवा. तुटक रेघांवर बोट ठेवायला सांगा आणि मग त्या रेघेवरून त्यांना चालवत न्या. कुठे ऊस आडवा येतो, कुठे गोठा, ते मुलं बरोबर टिपून आणतील. कुणाचा गोठा, हे मात्र वर्गात मोठ्याने विचारू नका.

त्या साली उसाचा ट्रॅक्टर आमच्या मळ्याच्या तोंडाशी आला. जांभूळ अजून तिथंच उभं आहे. ट्रॉली त्याला वळसा घालून जाते आणि दर खेपेला एक फांदी मोडते. तोडायचं की ठेवायचं, यावर दोन्ही घरांत बोलणं चालू आहे. आजी म्हणते, या उन्हाळ्याची जांभळं उतरू देत, मग बघू.