घर घेताना एजंट आधार-पॅन का मागतो? कायदा काय सांगतो, आपण काय करावं?

मुंब्रा असो, मीरा रोड, भिवंडी किंवा पुण्याचं कोंढवा. फ्लॅट पसंत पडला की एजंट आधी कागदपत्रं मागतो: पॅन, पत्त्याचा पुरावा, कधी बँक स्टेटमेंटसुद्धा. "सगळ्यांकडून घेतात की फक्त आमच्याकडून?" हा प्रश्न आपल्या घरांत हमखास निघतो. त्याचं उत्तर कायद्यात आहे.

नियम कुठून आला?

काळा पैसा पांढरा करण्याला आळा घालणारा मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा (पीएमएलए) २००२ चा आहे. आधी त्याचा भार मुख्यतः बँका आणि वित्तीय संस्थांवर होता. २८ डिसेंबर २०२० च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने मालमत्तेच्या खरेदी-विक्रीतले एजंटही त्यात आणले. वर्षाची उलाढाल २० लाख रुपये किंवा त्याहून जास्त असलेल्या एजंटांना हे लागू आहे. त्यांच्यावर देखरेख केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाची असते.

अशा एजंटाला तीन कामं करावी लागतात. ग्राहकाची ओळख पटवायची, व्यवहाराची नोंद किमान पाच वर्षं जपायची आणि ठराविक व्यवहार सरकारच्या वित्तीय गुप्तचर विभागाला कळवायचे. १० लाखांपेक्षा जास्त रोखीचा व्यवहार कळवावाच लागतो. एका महिन्यात तुकड्या-तुकड्याने दिलेली, एकमेकांशी जोडलेली रोख मिळून १० लाखांवर गेली, तरी तोच नियम. व्यवहार संशयास्पद वाटला तर रक्कम कितीही असो, तो कळवायचा असतो, आणि तसं कळवल्याचं ग्राहकाला सांगायचं नसतं.

काय मागू शकतो, काय नाही?

ओळखीसाठी पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र, आधार किंवा मनरेगा जॉब कार्ड चालतं. सोबत पॅन, आणि पॅन नसेल तर फॉर्म ६०. आधारच हवं असा हट्ट धरता येत नाही. कोणतं ओळखपत्र द्यायचं ही निवड ग्राहकाची असते आणि आधार नाही म्हणून सेवा नाकारता येत नाही, हे कायद्यातच लिहिलं आहे.

धर्म, जात, खाणंपिणं यांचा या तपासणीशी काही संबंध नाही. कागद पूर्ण असताना "सोसायटीत तुमच्या लोकांना देत नाहीत" असं उत्तर आलं, तर ते पीएमएलएचं नाही. "नियम आहे" म्हणणाऱ्याला कोणता नियम ते लेखी मागा. एजंट महारेराकडे नोंदलेला असेल तर त्याच्या वागणुकीची तक्रार तिथे करता येते. नोंदणी क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

भाड्याच्या घराची गोष्ट वेगळी. २०२० ची अधिसूचना खरेदी-विक्रीपुरती आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं हा निराळा विषय आहे.

आपल्या घरांत कुठे अडतं?

*नावाचं स्पेलिंग.* एका कागदावर शेख, दुसऱ्यावर शैख. कुठे मोहम्मद, कुठे नुसतं मोहद. आधार, पॅन आणि पासपोर्टवरचं नाव व्यवहाराआधीच जुळवून घ्या. तोवर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र कामी येतं.

*नातेवाइकांकडून उसने पैसे.* व्याज नको म्हणून अनेक कुटुंबं बँकेचं कर्ज टाळतात आणि मामा, चाचा, मेहुणे यांच्याकडून रक्कम जमवतात. त्यात गैर काही नाही, पण रक्कम खात्यातूनच यावी. २० हजार रुपये किंवा त्याहून जास्त उसनवारी रोखीत घेणं आयकर कायद्याने मना आहे. घराचा बयाणाही तेवढा रोखीत घेता येत नाही, आणि घेणाऱ्याला तितक्याच रकमेचा दंड होऊ शकतो. कोणी किती दिले आणि कधी परत करायचे, याचा साधा कागद करून सह्या घ्या. दागिने विकून पैसे उभे केले असतील तर सराफाची पावती जपा.

*आखातातला पैसा.* रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांत कमावणारा दुबई, कुवेत किंवा सौदीत असतो. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला इथे फ्लॅट घेता येतो, मात्र पैसे बँकेमार्फत किंवा एनआरई-एनआरओ खात्यातूनच यायला हवेत. हवालाने आलेल्या पैशाचा स्रोत नंतर दाखवता येत नाही. शेतजमीन आणि फार्महाऊस मात्र त्याला विकत घेता येत नाही.

*घर कोणाच्या नावावर?* पैसा एकाचा आणि नाव दुसऱ्याचं असेल तर बेनामी कायदा आड येऊ शकतो. ज्ञात उत्पन्नातून बायकोच्या किंवा मुलांच्या नावावर घर घेतलं तर त्यातून सूट आहे. भाऊ, बहीण किंवा आई-वडिलांच्या बाबतीत पैसे देणाऱ्याचं नाव कागदावर सहमालक म्हणून हवं. बेनामी ठरलेली मालमत्ता सरकारजमा होते आणि एक ते सात वर्षं सक्तमजुरी होऊ शकते. म्हणून भावाने पाठवलेल्या पैशातून घर घेताना करारनाम्यात त्याचं नाव घालायला विसरू नका.

कागद देताना

- आधार द्यायचं ठरवलं तर मास्क्ड आधार द्या. त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. ते यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून उतरवता येतं.
- प्रत्येक झेरॉक्सवर तारीख, कारण आणि एजंटाचं नाव लिहून सही करा, उदा. "फक्त अमुक फ्लॅटच्या खरेदीसाठी".
- मूळ कागद दाखवा, ठेवायला देऊ नका. ओटीपी कोणालाही सांगू नका.
- घराची किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर विक्रेत्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. विक्रेता परदेशात राहत असेल तर दर वेगळा, तेव्हा सीएला विचारा.
- "थोडे रोखीत द्या, करारात कमी दाखवू" याला साफ नकार द्या. पुढे वाद झाला तर रोखीतली रक्कम सिद्ध करणं कठीण जातं, आणि नुकसान घेणाऱ्याचं होतं.

एजंटाने ओळखपत्र मागितलं म्हणून मनाला लावून घेऊ नका, आणि मागेल ते सगळं देऊनही टाकू नका. पैसा खात्यातून गेला, नावं जुळली आणि पावत्या फाईलला लागल्या, तर उद्या कोणीही विचारलं तरी उत्तर तुमच्या हातात असेल.