एका अंकुशी रुपयाची फेरपारख

मुळशी तालुक्यांतील एका गृहस्थांनीं गेल्या पावसाळ्यांत आम्हांस एक चांदीचा रुपया आणून दाखविला. रुपया पारदर्शक डबींत कायमचा बंद केलेला होता. डबींतील चिठ्ठीवर ‘मराठा, पुणें टांकसाळ, अंकुशी रुपया’ असें वर्णन व त्यापुढें ४० हा आंकडा छापलेला होता. गृहस्थांचा प्रश्न असा कीं, एका व्यापाऱ्याच्या मतें हें नाणें ५० च्या योग्यतेचें आहे. तर डबी फोडून तें पुन्हां पारखीस पाठवावें किंवा कसें? प्रश्न दिसावयास केवळ व्यापारी, म्हणून आम्ही प्रथम तो टाळणारच होतों. परंतु नाणें भिंगाखालीं धरतांच आमचें मत पालटलें.

या आंकड्याची कुळकथा थोडक्यांत सांगणें जरूर आहे. विल्यम शेल्डन या अमेरिकन संग्राहकानें तांब्याच्या जुन्या सेंटांवर १९४९ सालीं ग्रंथ लिहिला व त्यांत १ पासून ७० पर्यंत श्रेणी मांडली. ७० अंकांचें नाणें १ अंकाच्या नाण्याच्या सत्तरपट मोलाचें, असा त्याचा मूळ हिशेब होता. तो हिशेब बाजारानें लवकरच मोडला; आंकडे मात्र राहिले. १९८६ च्या सुमारास फी घेऊन नाणीं पारखणाऱ्या व डबींत मोहोरबंद करणाऱ्या कंपन्या अमेरिकेंत निघाल्या आणि ही चाल जगभर पसरली. पारख शेवटीं माणसाच्या डोळ्यानेंच होते. ४०, ४५ व ५० यांतील अंतर झिजेच्या बारीक छटांचें. तें एका दिवशीं एक दिसतें, दुसऱ्या दिवशीं दुसरें. म्हणून डबी फोडून नशीब पाहणारे पुष्कळ. यांत आंकडा घसरण्याचाहि संभव असतो, आणि जुनी चिठ्ठी परत न कळविल्यास एकच नाणें कंपनीच्या गणतींत दोनदां चढतें. पुढील अभ्यासकानें त्या गणतीवर कितपत विसंबावें?

आमच्या देशास हा खेळ नवा नाहीं. पेशवाईंत बाजारांत नाना टांकसाळींचे रुपये एकत्र चालत. अंकुशी, चांदोरी, मलकापुरी अशीं त्यांचीं नांवें दप्तरांतून पानोपानीं भेटतात. रुपया मोजून भागत नसे, तो पारखावा लागे. सरकारी खजिन्यांत पोतदार व पेठेंत सराफ तो वाजवून, कसून, प्रसंगीं छापा मारून पाही आणि त्याच्या कसाप्रमाणें व चलनाप्रमाणें बट्टा कापी. एका गांवीं बिनबट्ट्यानें चाललेला रुपया दुसऱ्या गांवीं तोट्यांत जाई. यासाठींच कर्जरोख्यांत नुसते ‘रुपये’ न लिहितां कोणते रुपये हें लिहीत. एका सराफानें नाकारलेला रुपया दुसऱ्याकडे खपविण्याची खटपट त्या काळींहि होतच असली पाहिजे. मनुष्यस्वभाव कांहीं डबीबरोबर जन्मास आला नाहीं. टांकसाळवाल्यांची लबाडी हा निराळा रोग. माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दींत धारवाड प्रांतांतील हिणकस नाण्यांच्या टांकसाळी मोडून सरकारी देखरेखीखालीं एक टांकसाळ ठेवल्याची हकीकत न्यायमूर्ति रानडे यांनीं १८९९ सालच्या आपल्या निबंधांत दिली आहे. मात्र बट्ट्याच्या पारखींत एक गुण होता. सराफ चांदी पाहत असे, आणि चांदी खोटें बोलत नसे.

आतां प्रस्तुत रुपया. एका बाजूस अंकुश स्पष्ट आहे. फारसी मजकूर दिल्लीच्या बादशहाच्या नांवाचा. गृहस्थांच्या घरांत हा ‘पेशव्यांचा रुपया’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पूजेंत आहे. मुळशीचें धरण झालें तेव्हां त्यांचें गांव पाण्याखालीं गेलें. १६ एप्रिल १९२१ रोजीं सुरू झालेल्या व पुढें सेनापति बापट यांच्या नांवानें गाजलेल्या सत्याग्रहानेंहि तें वांचलें नाहीं. आणि देव्हाऱ्याबरोबर जें थोडें वर आलें त्यांत हा रुपया होता, असें त्यांच्या मातोश्री सांगतात. ही परंपरा आम्ही खोटी म्हणत नाहीं. पण रुपयावर फसली सन १२३५ चे आंकडे आहेत. फसलींत ५९० मिळविले म्हणजे इ. स. १८२५-२६ येतें. शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण १७ नोव्हेंबर १८१७ रोजीं लागलें. त्यानंतरहि कंपनी सरकारनें लोकांच्या ओळखीचा अंकुशी रुपया पुण्यांत पाडणें चालू ठेविलें, आणि १८३५ सालीं सर्व हिंदुस्थानासाठीं १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया ठरला तेव्हां ही परंपरा संपली. सारांश, रुपया खरा, अंकुश खरा, टांकसाळ पुण्याचीच. परंतु पेशवे तेव्हां ब्रह्मावर्तास होते. ‘मराठा’ हा चिठ्ठीवरील शब्दच चुकलेला आहे.

हें ऐकून गृहस्थ कष्टी झाले. त्यांस वाटलें, आम्हीं त्यांच्या घरचा पेशवा हिरावून घेतला. आम्हांस मात्र हा रुपया अधिकच मोलाचा वाटतो: राज्य गेल्यावरहि मावळच्या माणसाचा विश्वास अंकुशावरच होता, म्हणून परक्या सरकारासहि तो छाप सोडतां आला नाहीं.

नाण्यावर सराफाचे दोन बारीक छापे आहेत. व्यापारी त्यांस डाग म्हणतो, आम्ही साक्ष म्हणतों. आणि उंच अक्षरांची जी झीज ४० या आंकड्यास कारण झाली, ती बहुतांशीं बाजारांतील नसावी. दर लक्ष्मीपूजनास रुपया चिंचेनें घासून धुण्याची घरची रीत होती, असें मातोश्रींकडूनच कळलें. अक्षरांच्या खांचांत अजून कुंकवाची लाली आहे. फेरपारखीपूर्वीं तो ‘जरा उजळून’ घ्यावा, अशीहि सूचना व्यापाऱ्यानें केली होती. तसें केल्यास ही लाली तर जाईलच, शिवाय धुतलेलें नाणें म्हणून पारखी त्यास आंकडाच नाकारतील.

चिरंजीव परदेशीं असतात. त्यांच्याबरोबर नाणें अमेरिकेस धाडावें, असाहि एक बेत होता. शंभर वर्षांवरील नाणें १९७२ च्या पुरावस्तु कायद्यान्वयें पुरावस्तु ठरतें व खाजगी इसमास तें देशाबाहेर नेतां येत नाहीं, हें सांगतांच तो बेत तेथेंच राहिला.

आम्हीं सल्ला दिला तो असा. मोठ्या आंकड्यासाठीं डबी फोडूं नये. पारखणाऱ्या कंपनीस नाण्याच्या छायाचित्रासह पत्र लिहून ‘मराठा’ या शब्दाऐवजीं ‘कंपनी सरकार, फसली १२३५’ असें दुरुस्त करून मागावें. यानें विक्रीची किंमत कदाचित् उतरेल, हेंहि आम्हीं लपविलें नाहीं.

त्यांनीं उत्तर दिलें नाहीं. डबी रुमालांत गुंडाळून ते उठले. दिवाळीनंतर त्यांचें पोस्टकार्ड आलें: पत्राचा मसुदा तयार आहे, आईची संमति यावयाची आहे, यंदा लक्ष्मीपूजनास रुपया डबीसकटच मांडला, आणि आईनें कुंकू डबीवर लाविलें.