पिवळ्या डब्याचा नाताळ

नाताळला आठ-दहा दिवस उरले की आमच्या वसईच्या घरात एक वास दरवळू लागे. ओल्या नारळाचा, वेलदोड्याचा, भाजलेल्या रव्याचा गंध त्यात असेच. परंतु त्या सर्वांच्या तळाशी एक जडसर, किंचित मेणचट वास असे. आम्हा भावंडांच्या लेखी तोच नाताळचा वास होता. तो डालडा वनस्पतीचा होता, हे पुष्कळ पुढे उमगले. पत्र्याचा पिवळा डबा, त्यावर हिरवे ताडाचे झाड. डिसेंबरात तो भरलेला येई आणि जानेवारीत रिकामा होऊन ओट्यावर क्रोटन लावण्यासाठी रवाना होई.

२०१८ साली आमच्या धर्मग्रामात एका डॉक्टरांचे हृदयविकारावर व्याख्यान झाले. आई पहिल्या रांगेत बसली होती. वनस्पती तुपातील घातक स्निग्धांशाविषयी डॉक्टर बोलले, श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या, चहा झाला. घरी परतताना आईने एकच प्रश्न विचारला, "म्हणजे तुझ्या बाबांना मीच खाऊ घातलं ना रे ते?" आमचे वडील १९९२ साली हृदयविकाराने गेले, तेव्हा आम्ही सेमिनरीत होतो. आम्ही तिला नीतिशास्त्राच्या वर्गात शिकलेले उत्तर दिले: जे जाणणे शक्यच नव्हते, त्याच्या अज्ञानातून घडलेल्या कृतीचा दोष कर्त्याला लागत नाही. आईने ते ऐकून घेतले आणि म्हणाली, "ते प्रवचनात सांग. डब्यावर काय लिहिलं होतं, ते मला सांग."

डब्यावर काय लिहिले होते, याचा शोध घेता घेता हा लेख झाला आहे.

स्निग्ध पदार्थांशी ख्रिस्तसभेचा संबंध तसा जुना. मध्ययुगीन युरोपात प्रायश्चित्तकाळात मांसाबरोबर लोणीही वर्ज्य असे. दक्षिणेकडे ऑलिव्हचे तेल मुबलक असल्याने तेथील गृहिणींना त्याची झळ लागली नाही. उत्तरेकडे मात्र गाईच्या लोण्यावाचून स्वयंपाक चालत नसे. अखेर १४९१ साली पोप आठवे इनोसंट यांनी सॅक्सनीतील लोकांना एका पत्राद्वारे लोणी वापरण्याची सवलत दिली आणि ड्रेस्डेन शहराचा प्रसिद्ध नाताळपाव, जो तोवर तेलावर कोरडा भाजला जाई, तो मऊ झाला. ही सवलत फुकट नव्हती. फ्रान्समधील रूआँ येथील कॅथीड्रलचा एक मनोरा अशाच दानांतून उभा राहिला असे सांगतात, आणि लोक त्याला आजही 'लोण्याचा मनोरा' म्हणतात. चुलीवरच्या कढईत काय घालावे हे ठरवणारी सत्ता अनेकदा त्या कढईपासून फार दूर बसलेली असते. फरक इतकाच, की पुढे ती सत्ता धर्मपीठाकडून कारखान्याकडे गेली.

१८६९ साली फ्रान्समध्ये इपोलित मेज-मूरिये या रसायनज्ञाने गोमेदापासून लोण्याचा स्वस्त पर्याय तयार केला. तिसऱ्या नेपोलियनच्या सरकारला सैन्यासाठी आणि गरिबांसाठी तो हवा होता. हेच मार्गारिन. खरी कलाटणी मात्र १९०२ साली मिळाली. विल्हेल्म नॉर्मन या जर्मन शास्त्रज्ञाने पातळ तेलात निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन वायू सोडून त्याचे घट्ट चरबीत रूपांतर करण्याचे पेटंट घेतले. १९११ साली अमेरिकेत सरकीच्या तेलापासून बनवलेले क्रिस्को बाजारात आले. आता घट्ट तूप मिळवण्यासाठी गाय पाळण्याची गरज उरली नाही.

हिंदुस्थानात हे कृत्रिम तूप प्रथम हॉलंडहून येत असे. १९३१ साली लिव्हर कंपनीने हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन केली, मुंबईत शिवडीला कारखाना काढला आणि १९३७ साली डालडा हे नाव घरोघर पोहोचू लागले. 'दादा' या आयातदाराच्या नावात लिव्हरचे 'ल' बसवून ते नाव तयार झाले, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. कंपनीने पाककृतींच्या पुस्तिका छापल्या, गावोगाव पुऱ्या तळून दाखवल्या. साजूक तूप ज्यांच्या आवाक्याबाहेर होते त्यांना तुपासारखेच रवाळ दिसणारे, महिनोन्महिने न खवटणारे काहीतरी प्रथमच परवडू लागले. गरिबाच्या ताटात सणाचे अन्न आले, हे नाकारण्याचे कारण नाही.

आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात स्निग्धांश म्हणजे मुख्यत्वे नारळ आणि सणासुदीला डुकराची चरबी. तळण वर्षातून मोजके. गोड म्हणजे गूळखोबरे, तांदळाच्या पिठाचे प्रकार आणि सुकेळी. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली आमच्या वसईची ही मिठाई बिनसाखरेची आणि बिनतुपाची आहे, हे आज आरोग्याच्या नावाने महागडी पाकिटे विकत घेणाऱ्यांना कोणी तरी सांगावयास हवे. आईच्या पिढीत मात्र नाताळचे ताट बदलले. करंज्या, कलकल, नानकटाई, केक. पितळी टोपात केकचे मिश्रण घालून, झाकणावर निखारे ठेवून तो भाजला जाई. पुढे विजेवर चालणारा गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन आला. या सर्व पदार्थांना घट्ट स्निग्धांश लागतो. साखरेबरोबर तो फेसला की त्यात हवा कोंडते आणि केक फुलतो. करंजीच्या पारीला कडकडीत मोहन आणि थरांमध्ये साटा लावला की पापुद्रे सुटतात. पातळ तेलाने ते तसे साधत नाही. डालड्याने साधे, आणि तेही लोण्याच्या निम्म्याहून कमी खर्चात. सहा मुलांच्या घरात हा हिशेब छोटा नव्हता.

या काळात राज्यकर्त्यांना डालड्याची चिंता नव्हती असे नाही. पण ती चिंता वेगळीच होती. साजूक तुपात वनस्पतीची भेसळ होते, हा स्वातंत्र्यानंतरचा गाजलेला प्रश्न. वनस्पतीवर बंदी घालावी असा आग्रह झाला, ओळखू येण्यासाठी त्याला रंग द्यावा अशीही चर्चा झाली. शेवटी तोडगा टिकला तो असा की वनस्पतीत किमान पाच टक्के तिळाचे तेल मिसळलेच पाहिजे. तिळाच्या तेलाला विशिष्ट रासायनिक कसोटीत तांबडा रंग येतो. तुपात तो आला की भेसळ पकडता येते. तुपाच्या शुद्धतेची राखण करण्यासाठी कायदा झाला. खाणाऱ्याच्या रक्तवाहिन्यांचे काय, हे विचारण्याइतके ज्ञान तेव्हा कोणापाशीच नव्हते. उलट वनस्पतीत जीवनसत्त्वे घातली जात आणि जाहिरातींत त्यांचाच डांगोरा पिटला जाई. आईच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे: डब्याने तिला जीवनसत्त्वांचे आश्वासन दिले होते.

आणि ते मिळवण्यासाठी तिने रांगा लावल्या होत्या. १९७२ साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींनी महागाईविरोधी संयुक्त समिती उभारली. लाटणी आणि थाळ्या घेऊन हजारो स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. तेल, साखर, रॉकेल यांसाठी झालेले ते आंदोलन आमच्या आईला वर्तमानपत्रातून नव्हे, दुकानासमोर ताटकळून कळले. डबा घरी आला की तो जिंकून आणल्यासारखा फळीवर ठेवला जाई. तो आमच्यासाठी विष घेऊन येतो आहे, असे तिला वाटावे तरी कसे?

शास्त्राला जाग आली ती सावकाश. तेलात हायड्रोजन अर्धवट मुरवला की त्यातील काही स्निग्धाम्लांचे रेणू वाकडे असायचे ते सरळ होतात. यांनाच ट्रान्स स्निग्धाम्ले म्हणतात. फ्रेड कुमेरो या जर्मनीत जन्मलेल्या अमेरिकी संशोधकाने १९५७ साली ती मानवी शरीराच्या ऊतींत साठतात असे दाखवले. त्यांचे फारसे कोणी ऐकले नाही. १९९० साली हॉलंडच्या मेन्सिंक आणि कतान यांनी सिद्ध केले की ही स्निग्धाम्ले रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवतात आणि हितकारक कोलेस्टेरॉल घटवतात. म्हणजे दुहेरी मार. १९९३ साली अमेरिकेतील परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासातून हृदयविकाराशी त्यांचा संबंध पुढे आला. डेन्मार्कने २००३ साली स्निग्धांशाच्या दोन टक्क्यांची मर्यादा घातली. कुमेरो यांनी २००९ साली अमेरिकी सरकारकडे अर्ज केला, २०१३ साली दावा लावला, आणि २०१५ साली निर्णय त्यांच्या बाजूने झाला तेव्हा त्यांनी वयाची शंभरी गाठली होती. एवढी चिकाटी आम्हा प्रवचनकारांना लाभती तर!

आपल्याकडे दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने २००९ साली वनस्पतीचे नमुने तपासले, तेव्हा त्यांत डेन्मार्कच्या मर्यादेच्या पाच ते बारा पट ट्रान्स स्निग्धांश आढळला. भारतातील मर्यादा आधी दहा टक्के, २०१६ साली पाच, २०२१ साली तीन आणि जानेवारी २०२२ पासून दोन टक्के झाली. तारखा ओळीने मांडल्या की ध्यानात येते: मेन्सिंक-कतान यांचा निबंध १९९० सालचा, आमचे वडील १९९२ साली गेले, आणि कायदा पुरा कडक झाला २०२२ साली. बत्तीस वर्षे जे विद्यापीठांना ठाऊक होते, ते आमच्या ओट्यापर्यंत पोहोचले नाही.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. वडिलांच्या हृदयाने का साथ सोडली, हे आम्हांला ठाऊक नाही. ते दिवसाला दोन कट्टे बिड्या ओढत; त्यांचे वडीलही पन्नाशीतच गेले होते. एका डब्यावर सारा आळ घेणे हा इतिहास नव्हे. हे सर्व आम्ही आईपुढे मांडले. ती भाजी निवडत होती. "बिड्या मी आणून दिल्या नव्हत्या," एवढेच ती म्हणाली.

मग तिने आमच्या वहिनींना आणि पुतणीला हाताशी धरले. त्या वर्षीच्या करंज्या प्रथम तेलाचे मोहन घालून झाल्या आणि वातड निघाल्या. साजूक तुपाच्या दुसऱ्या खेपेला अतिशय खुसखुशीत झाल्या, परंतु तूप म्हणजे अमृत नव्हे. त्यातही संपृक्त स्निग्धांश भरपूर आहे, हे पुतणीने आजीला बजावले. तिसऱ्या खेपेला मोहनापुरते तूप, साटा तांदळाच्या पिठाचा आणि अगदी पातळ, आणि अर्ध्या करंज्या तळण्याऐवजी ओव्हनमध्ये भाजलेल्या. केकमध्ये निम्मा मैदा काढून गव्हाचे पीठ आले, साखर पाव हिश्शाने उतरली आणि खजुराबरोबर बारीक चिरलेली सुकेळी पडली. तळणीचे उरलेले तेल पुन्हा पुन्हा तापवायचे नाही, हा नियम पाळणे सर्वांत कठीण गेले. तेल फेकणे म्हणजे पाप, असे रांगेत उभे राहिलेल्या पिढीच्या हाडीमासी रुजले आहे. साखरेऐवजी गूळ घातला म्हणजे मधुमेह्याला चालते, हा आमच्या धर्मग्रामातील लाडका गैरसमजही याच निमित्ताने निकाली निघाला. निदान आमच्या घरापुरता.

आईच्या पाककृतींची एक वही आहे. निळ्या रेघांची, कडा तेलकट झालेली. करंज्यांच्या पानावर तिच्या हस्ताक्षरात 'डालडा पाव किलो' असे आहे. पुतणीने पेन घेऊन ते खोडावयास सुरुवात केली, तेव्हा आईने तिचा हात धरला.

"खोडू नको गं. खाली लिही."

पुतणीने खाली लिहिले: 'साजूक तूप, मोहनापुरते, सहा चमचे.' आईने चष्मा लावून ते वाचले, पाच करायला सांगितले आणि कढईकडे वळली.