हवेतील पतन व ऊर्जाक्षय

हवेत पडणाऱ्या वस्तूची काही ऊर्जा हवेच्या रोधावर मात करण्यात खर्च होते. आरंभीच्या स्थितिज ऊर्जेतून (वस्तुमान × गुरुत्वीय प्रवेग × उंची) जमिनीवर आदळतानाची गतिज ऊर्जा (निम्मे वस्तुमान × वेगाचा वर्ग) वजा केली म्हणजे हा क्षय मिळतो. हे गणित आज शाळेतील विद्यार्थीही करतो. तथापि त्यास लागणारी मोजमापे ऊर्जेची कल्पना रूढ होण्यापूर्वी शतकाहून अधिक काळ उपलब्ध होती.

हवेत पडणारी वस्तू अखेर एकसमान वेग गाठते, हे गॅलिलीओ यांनी १६३८ मध्ये सांगितले होते. रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हा न्यूटन यांचा सिद्धांत. त्याच्या पडताळणीसाठी जून १७१० मध्ये फ्रान्सिस हॉक्सबी यांनी लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये २२० फुटांवरून काचेचे गोळे सोडले. पारा भरलेले लहान गोळे सु. ४ सेकंदांत खाली आले. केवळ हवा असलेल्या मोठ्या गोळ्यांना ८ ते ८·५ सेकंद लागले. निर्वातात दोहोंना ३·७ सेकंद पुरले असते. १७१९ मध्ये देसाग्युलिए यांनी तेथेच २७२ फुटांवरून डुकराची मूत्राशये सोडली. ती ओली असताना लाकडी साच्यात फुगवून गोल केलेली होती. त्यांतील एकास १९ सेकंद लागले. न्यूटन यांनी ही सर्व कोष्टके प्रिन्सिपियाच्या नंतरच्या आवृत्त्यांत दिली.

यांपैकी ५१० ग्रेन (सु. ३३ ग्रॅ.) वजनाचा, ५·१ इंच व्यासाचा हवेचा गोळा घेऊ. त्याची आरंभीची स्थितिज ऊर्जा सु. २१·७ जूल होती. पतनकालावरून अंतिम वेग सेकंदास सु. ९ मी. येतो, म्हणजे जमिनीवर पोहोचताना गतिज ऊर्जा जेमतेम १·३ जूल उरली. हवेच्या उत्प्लावनाचा सु. ०·९ जूलचा वाटा वगळला, तर सु. ९० टक्के ऊर्जा रोधात गेली.

न्यूटन यांनी हा हिशेब मांडला नाही. त्यांचा विचार बलाचा होता. वेगाच्या वर्गाशी निगडित राशी लायप्निट्स यांनी १६८६ मध्येच पुढे आणली होती, पण तिच्यावरून दीर्घकाळ वाद झाला. शिवाय रोधात गेलेली गती कोठे जाते, या प्रश्नास त्या काळी समाधानकारक उत्तर नव्हते. ते जूल यांच्या प्रयोगांनी दिले : पडत्या गोळ्यामागे हवेत भोवरे उठतात व ते शमताना हवा किंचित तापते. काचेच्या गोळ्याबाबत ही तापमानवाढ जाणवण्याजोगी नसते. वेग प्रचंड असेल तेथे मात्र ती डोळ्यांनी दिसते. उल्कांचे तेज हवेच्या रोधातून निर्माण झालेल्या उष्णतेमुळे असते, असे जूल यांनी १८४८ मध्ये प्रतिपादन केले.