भरवसा कोणत्या गाडीचा? मिरजेच्या रस्त्यांवरील मालवाहू गाड्यांची कहाणी

(१)
द्राक्षांच्या हंगामात मिरज तालुक्यातील एखाद्या बागेतून पहाटे निघालेली गाडी वाटेत बंद पडली, तर नुकसान एकट्या गाडीवाल्याचे होत नाही. ऊन चढते, पेट्यांतील घड मलूल होतात, बाजारात पोहोचेपर्यंत सौदे उरकलेले असतात आणि वर्षभराच्या खता-औषधांचा खर्च व्यापाऱ्याच्या एका नकारावर लटकतो. म्हणून ‘कोणत्या कंपनीची पिकअप भरवशाची?’ हा प्रश्न येथे चहाच्या टपरीवरील वादापुरता उरत नाही. या प्रश्नामागे काही दशकांचा इतिहास आहे. तोच या मालिकेचा विषय.

(२)
आरंभीच एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. गाडीचा भरवसा तिच्यातील मालावरही ठरतो. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवण्याची जुनी रीत होती. पेवातील हळद भाव येईपर्यंत थांबू शके. उलट आरग, बेडग, नरवाड या गावांच्या पानमळ्यांतील विड्याची पाने, दूध, भाजीपाला आणि द्राक्षे यांना थांबणे ठाऊक नाही. हळदीच्या पोत्यांसाठी चार तासांचा उशीर म्हणजे गैरसोय, तर द्राक्षांसाठी तोच उशीर म्हणजे तोटा. नाशवंत पिके वाढत गेली, तसतशी या भागाला अधिकाधिक भरवशाच्या वाहनाची गरज भासू लागली.

(३)
मिरज ही मूळची रेल्वेची नगरी. सदर्न मराठा रेल्वेचा मीटरगेज मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथून गेला. १८९१ मध्ये कोल्हापूरचा फाटा सुरू झाला आणि १९२७ मध्ये बार्शी लाईटची अरुंद गाडी पंढरपूरहून मिरजेस येऊन मिळाली. पुढे पुण्याकडचा मार्ग ब्रॉडगेज झाल्यावर काही काळ तिन्ही रुंदीचे रूळ मिरजेत एकत्र नांदत होते. रूळ बदलला की माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावा लागे. रेल्वे दूरवर नेत असे, पण शेतापासून मालधक्क्यापर्यंत कोण नेणार, हा प्रश्न तिने कधीच सोडवला नाही.

(४)
ते काम बैलगाडीचे होते. गतीने ती मंद होती, पण भरवशाच्या कसोटीवर तिचा हात धरणे कठीण होते. आस मोडला तर गावातला सुतार होता, धाव सैल झाली तर लोहार होता. दुरुस्तीचे सामान रानातल्या बाभळीपासून मिळे. बैलगाडी कधी मोडत नसे, असे मुळीच नाही. ती जेथे मोडे, त्याच्या आसपासच दुरुस्त होई. पुढे आलेल्या प्रत्येक यंत्रवाहनाला याच मापाने मोजले गेले, मग मोजणाऱ्यांना त्याची जाणीव असो वा नसो.

(५)
यंत्र दुरुस्त करणारे हात या प्रदेशात कोठून आले? १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातील कुंडलजवळ माळरानावर कारखाना उभारला. त्याभोवती वसलेली किर्लोस्करवाडी मिरज-पुणे लोहमार्गावर आहे. साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्यात डिझेल इंजिने घडू लागली. पुढे विहिरींवर डिझेल इंजिने धडधडू लागली, तेव्हा नोझल साफ करणे, पंप लावणे, रिंगा बदलणे ही कामे खेड्यापर्यंत पोहोचली. मिरजेत तर कसबाने धंदा बदलल्याचे जुने उदाहरण आहे. हत्यारे घडवणाऱ्या, त्यांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यातूनच येथील सतार-तंबोरे घडवणारे कारागीर पुढे आले.

(६)
१९४५ मध्ये महिंद्रा बंधूंची कंपनी स्थापन झाली आणि त्या दशकाच्या अखेरीस तिने विलिस जीपची जुळणी मुंबईत सुरू केली. जीप ही युद्धासाठी आखलेली गाडी. रणभूमीवर कारखाना नसतो, म्हणून तिची रचना मुद्दाम उघडी, सोपी आणि थोड्या हत्यारांनी खोलता येईल अशी ठेवलेली होती. बिनरस्त्याच्या खेड्यांना हीच गोष्ट मानवली. भरवशाची गाडी म्हणजे साधी गाडी, ही ग्रामीण महाराष्ट्राची समजूत घडवण्यात जीपचा वाटा मोठा आहे.

(७)
१९५८ मध्ये नवलमल फिरोदिया यांनी जर्मनीतील हॅम्बुर्गच्या विदाल कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पोची सुरुवात केली. तिची ‘हॅन्सिएट’ ही तीन चाकांची गाडी होती. इंजिन पुढच्या एकुलत्या चाकाला फिरवी आणि मागे मालाचा हौदा असे. तिचे टू-स्ट्रोक इंजिन धूर सोडी, आवाजही फार करी, पण त्यात फिरणारे सुटे भाग थोडे होते. अरुंद पेठांतून ती सहज वळे. मराठीने तिला सर्वांत मोठा मान दिला. ‘टेम्पो’ हे एका कंपनीचे नाव राहिले नाही आणि माल वाहणाऱ्या कोणत्याही छोट्या गाडीला तेच नाव पडले. आजही दुसऱ्याच कंपनीची गाडी ठरवताना ‘टेम्पो सांगितलाय’ असेच म्हटले जाते.

(८)
१९६९ मध्ये याच कंपनीची चारचाकी ‘मॅटाडोर’ आली. माल, वऱ्हाड, शाळेची मुले, दुधाचे कॅन असे काहीही वाहणारी ही गाडी पुढे दीर्घकाळ रस्त्यावर होती. दीर्घकाळ टिकलेल्या गाडीचा एक अदृश्य लाभ असतो. तिच्या प्रत्येक आजाराशी मिस्त्रींच्या एका संपूर्ण पिढीची ओळख होते. आवाज ऐकूनच बेअरिंग गेले की क्लचप्लेट, हे सांगणारा माणूस चौकात असणे हा त्या गाडीचाच एक भाग मानायला हवा. विक्रीपत्रकात तो छापलेला नसतो, इतकेच.

(९)
खरी स्पर्धा १९८०च्या दशकात पेटली. हलक्या मालवाहू गाड्यांसाठी केंद्र सरकारने जपानी सहकार्याला वाट मोकळी केली आणि एकामागून एक चार नावे आली. डीसीएम टोयोटा, ऑल्विन निसान, स्वराज माझदा आणि आयशर मित्सुबिशी. जपानी यंत्रांची कीर्ती जगभर होती. गाड्या हलक्या होत्या, चालवायला सुखाच्या होत्या आणि इंधनही कमी खात. कागदावर पाहता देशी कंपन्यांचा टिकाव लागणे अवघड होते. कागदावरचा हा अंदाज मात्र खोटा ठरला, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबून कारण शोधायला हवे.

(१०)
पहिले कारण मिरजेपासून हजारो मैल दूर घडले. सप्टेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच श्रीमंत राष्ट्रांनी डॉलरचे मूल्य उतरवण्याचा करार केला. त्यानंतर सुमारे तीन वर्षांत डॉलरच्या तुलनेत येनचे मूल्य जवळजवळ दुप्पट झाले. जपानहून सुटे भाग आणून भारतात गाडी जुळवणाऱ्या कंपन्यांचे गणित त्यामुळे कोसळले. गाडी महागली आणि तिचा प्रत्येक सुटा भागही महागला. यंत्रात काडीचाही दोष नसताना भरवसा कमी होऊ शकतो, याचे हे ठसठशीत उदाहरण आहे. न परवडणाऱ्या सुट्या भागाची वाट पाहत उभी राहिलेली गाडी मालकाच्या लेखी बिघडलेलीच असते.

(११)
दुसरे कारण पुण्यात घडले. टाटांनी १९८६ मध्ये देशातच आखलेली ‘४०७’ बाजारात आणली. १९५४ पासून डेमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बनवणाऱ्या या कंपनीचे विक्रेते, सुट्या भागांची दुकाने आणि तिच्या गाड्यांवर हात बसलेले मिस्त्री महामार्गांवर आधीपासून पसरलेले होते. ‘चारशेसात’ जपानी गाड्यांइतकी सुबक नव्हती. मात्र ती कोठेही थांबली तरी तिला ओळखणारा माणूस जवळ असे. स्पर्धेचा निकाल बराचसा या जाळ्याने लावला.

(१२)
चार जपानी नावांचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. डीसीएम टोयोटातून टोयोटा बाहेर पडली आणि १९९०च्या दशकात तेथे देवू आली. ऑल्विन निसान महिंद्राकडे गेली. स्वराज माझदा टिकली आणि २०११ मध्ये तिच्या नावात इसुझू आले. आयशर तर अशी रुजली की मध्यम आकाराच्या टेम्पोला आज सर्रास ‘आयशर’ म्हणतात. चौघींकडेही जपानी तंत्र होते. तरीही त्यांचे भाग्य सारखे निघाले नाही. केवळ देशाच्या किंवा कंपनीच्या नावावरून भरवसा ठरवता येत नाही, हे यावरून उमगते.

(१३)
आजच्या अर्थाची पिकअप त्यानंतर स्थिरावली. टाटांची ‘मोबाईल’ गाडी १९८८ मध्ये आली आणि त्याच वंशात ‘२०७’ जन्मली. महिंद्राची बोलेरो २००० मध्ये आली आणि तिच्या नावाची पिकअप गावोगावी पोहोचली. बोलेरो पिकअप ही एका अर्थाने जुन्या जीपची नातच. या गाड्यांची मूळ रचना ट्रकासारखी होती. खाली लांब चौकट, मागे कमानपाटे, पुढे डिझेल इंजिन. पाटा तुटला तर तो एकटा बदलता येतो आणि वाकलेली चौकट सरळ करता येते. म्हणूनच उसाच्या फडातली सरीवरंब्यांची वाट आणि काळ्या मातीचा चिखल या रचनेला सोसला.

(१४)
मे २००५ मध्ये टाटांचा ‘एस’ आला. दोन सिलिंडरांचे सुमारे ७०० सीसीचे इंजिन, १६ अश्वशक्ती आणि पाऊण टनाची वहनक्षमता. लोकांनी त्याला ‘छोटा हत्ती’ म्हटले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने जादा भार वाहण्याच्या सवलतींना लगाम घातला. मोठे ट्रक महामार्गावर आणि छोट्या गाड्या गावात, अशी विभागणी त्यामुळे अधिक पक्की झाली. बेकार तरुणाला कर्ज काढून स्वतःच्या गाडीचा मालक होता येऊ लागले. येथे भरवशाला आणखी एक अर्थ चिकटला. गाडी उभी राहिली की भाडे बुडते, पण बँकेचा हप्ता उभा राहत नाही.

(१५)
तुलना करताना सर्वाधिक चूक होते ती भाराच्या बाबतीत. पाऊण टनाच्या गाडीत दीड टन भरायचे आणि क्लच जळाला की कंपनीला बोल लावायचा, ही रीत जुनीच आहे. एकच गाडी शहरात कुरिअरची खोकी वाहते तेव्हा दहा वर्षे टिकते, आणि तीच विटांच्या भट्टीवर दोन वर्षांत खिळखिळी होते. त्यामुळे दोन मालकांची मते जुळत नाहीत आणि दोघेही खोटे बोलत नसतात. भार, रस्ता, चालक आणि तेल बदलण्याची शिस्त समान धरल्याशिवाय दोन गाड्यांची तुलना म्हणजे ज्वारी आणि भाताच्या पिकाची एकाच पावसात केलेली तुलना होय.

(१६)
जगाकडे पाहिले तरी हेच दिसते. टोयोटाची हायलक्स १९६८ मध्ये जन्मली आणि चिवटपणाचे प्रतीक बनली. १९८७ मध्ये लिबियाविरुद्ध लढताना चाडच्या सैन्याने टोयोटाच्या पिकअप इतक्या वापरल्या की त्या संघर्षाला ‘टोयोटा युद्ध’ असे नाव पडले. हीच हायलक्स २०२२ मध्ये भारतात आली, ती तीस लाखांहून अधिक किमतीला. पानाच्या डागा वाहणाऱ्यासाठी ती कितीही मजबूत असली तरी तिचा उपयोग नाही. वाळवंटात नावाजलेली गाडी मिरजेच्या बाजारात तितकीच भरवशाची ठरेल, असे गृहीत धरता येत नाही.

(१७)
१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे प्रदूषणाचे कठोर निकष देशभर लागू झाले. धूर घटला आणि हवेचे भले झाले. त्याबरोबर इंजिनात सेन्सर, संगणक आणि काजळी गाळणारी यंत्रणा आली. पूर्वी मिस्त्री कानाने आजार ओळखत असे. आता गाडीला स्कॅनर जोडावा लागतो आणि यंत्राचा संकेतांक वाचावा लागतो. नव्या गाड्या पूर्वीपेक्षा कमी वेळा बंद पडल्या, तरी बंद पडलेली गाडी चौकातच सुरू होण्याची शक्यता घटली आहे. जीपने शिकवलेली ‘साधी ती भरवशाची’ ही समजूत येथे प्रथमच खरोखर डळमळली.

(१८)
या सगळ्या इतिहासातून गाडी पारखण्याचे तीन प्रश्न हाती येतात. ती किती वेळा थांबते? थांबल्यावर किती तासांत आणि किती रुपयांत सुरू होते? आणि तिच्यातला माल तेवढे तास थांबू शकतो का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कारखाना देतो, दुसऱ्याचे बाजारपेठ आणि मिस्त्री देतात, तिसऱ्याचे शेत देते. जपानी गाड्या पहिल्या प्रश्नात सरस असूनही अनेकदा दुसऱ्यात हरल्या. ‘चारशेसात’ दुसऱ्या प्रश्नाच्या बळावर उभी राहिली.

(१९)
म्हणून मिरजेच्या एखाद्या गॅरेजात कळकट कपड्यांतला पोरगा गाडीखाली सरकतो, तेव्हा त्या कंपनीच्या भरवशाचा काही हिस्सा त्याच्या हातात असतो. बैलगाडीच्या काळी हेच स्थान सुतार-लोहारांचे होते. आज त्या पोराला स्कॅनर वाचता येतो की नाही, यावर पुढच्या हंगामातील द्राक्षे वेळेवर पोहोचणे अवलंबून आहे. गाड्यांच्या इतिहासात कंपन्यांची नावे आणि मॉडेलांची वर्षे नोंदली जातात. त्या गाड्या चालत्या ठेवणाऱ्यांची नोंद मात्र क्वचितच कोणी ठेवते.